‘आम्ही काय मेलोय का, बाहेर सांगत फिरायला?’

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): मी 17 वर्षांची, तालुक्याच्या गावात अकरावी सायन्सला आहे. वडील परगावी नोकरीला, पंधरा दिवसांनी घरी येतात. आजी तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहे आणि आईचा सगळा दिवस तिच्यात जातो. मी काही सांगायला गेले की आई चुलीकडे तोंड करून भाकरी थापत असते. ‘हं’ म्हणते, पण ऐकत नाही. वडिलांसमोर डोळ्यांत पाणी आलं तर ते म्हणतात, ‘खायला-प्यायला मिळतंय ना? मग रडायला काय झालं?’ दहावीपर्यंत मराठी शिकवणाऱ्या बाईंशी मी दर गुरुवारी सुट्टीत बोलायचे. शेजारच्या काकूंनी आम्हाला पाहिलं आणि आईला सांगितलं. आई म्हणाली, ‘आम्ही काय मेलोय का, बाहेर सांगत फिरायला?’ तेव्हापासून बाईंकडे गेले नाही. आता रात्री इन्स्टाग्रामवरच्या एका दादाशी बोलते. तो 24 वर्षांचा आहे म्हणतो, आणि तो समजून घेतो. घरातलं बाहेर सांगितलं म्हणजे मी चूक केली का? बाईंसारखी आई मला का नाही? कधी कधी वाटतं, मी नसते तर सगळ्यांचंच बरं झालं असतं.

प्रिय मुली,

तुझं शेवटचं वाक्य आधी घेते. ‘मी नसते तर’ असं थकून वाटणं वेगळं आणि जीव द्यावा असं मनात येणं वेगळं. कधी कधी मात्र ते एकच असतं. पत्रावरून मला ते कळणार नाही, म्हणून सरळ विचारते. मरून जावं असं मनात येतं का? कसं, कधी, असं काही ठरवलंयस का? उत्तर ‘हो’ असेल, किंवा ‘नक्की सांगता येत नाही’ असं असेल, तर वाचणं इथेच थांबव आणि 14416 हा नंबर लाव. ही टेलि-मानस नावाची सरकारी सेवा आहे. 2022 च्या 10 ऑक्टोबरला सुरू झाली, फोन फुकट आहे आणि रात्री तीन वाजताही चालू असते. आधी भाषा निवडायला सांगतात, तिथे मराठी निवडायची. पलीकडून कुणी बोललं की काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून पहिलं वाक्य आत्ताच सांगून ठेवते: ‘माझं वय 17 आहे, मला जगावंसं वाटत नाही, मला आत्ता कुणाशी तरी बोलायचंय.’ एवढं पुरे. पुढचे प्रश्न ते विचारतात.

आणि हेच वाक्य त्याच दिवशी घरातल्या मोठ्या माणसालाही सांगायचं. आई पाठमोरी असली तरी. ‘आई, तवा खाली उतरव. हे आत्ताच ऐकायला हवं.’ त्या रात्री एकटी झोपू नकोस. घर कितीही बंद वाटलं तरी ही एक गोष्ट गिळून बसायची नाही.

तसं काही नसेल, नुसता थकवा असेल, तरीही हे वाक्य बाईंच्या कानावर जायला हवं. मला लिहिलंस त्याच शब्दांत.

आता तुझा पहिला प्रश्न. आईच्या त्या बोलण्यात राग ऐकू येतो, पण त्याच्या खाली काय आहे ते बघू. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, रात्रीसुद्धा. भरवणं, पुसून घेणं, चादरी बदलणं, औषधांच्या वेळा सांभाळणं, हे सगळं तीन वर्षं, बहुतेक एकटीने. त्यात शेजारीण दारात येऊन सांगते, ‘तुमची मुलगी शाळेत बाईंपुढे रडत होती.’ आईच्या कानाने त्याचा अर्थ एकच लावला असणार: मी आई म्हणून कमी पडले, आणि आता ते गावालाही कळलं. ती तुला चूक ठरवायला निघाली असं मला वाटत नाही. तिला लागलंय.

पण आई थकलीय म्हणून तुझी गरज खोटी ठरत नाही. पुष्कळ मुलं इथेच अडकतात. आईचे कष्ट दिसतात आणि मग ‘मला काय धाड भरलीय’ असं म्हणत स्वतःचं दुःख गिळत राहतात. आईची ओंजळ आज रिकामी आहे, आणि तुलाही तहान लागली आहे. दोन्ही खरं आहे. तू पाणी दुसरीकडे प्यायलीस म्हणून आईचा अपमान झाला नाही.

‘घरातलं घरात राहावं’ ही आपली जुनी रीत आहे असं आपण धरून चालतो. खरंच तशी रीत होती का? पहाटे जात्यावर बसलेल्या बायका काय गात होत्या? सासुरवास, माहेरची ओढ, नवऱ्याचा रुसवा, पोटात लेक असल्याची धाकधूक. जात्याला समोरासमोर दोघी बसायच्या, कधी जाऊ, कधी शेजारीण. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने पुढची जोडायची. घरातलं सगळं दुःख ओवीत यायचं आणि ऐकणारी बाई पुष्कळदा घरातली नसायचीही. मुलांना तरी आईबापांखेरीज मावशी, आत्या, मामी, वाड्यातल्या काकू अशी चार दारं उघडी असायची. तू बाईंकडे गेलीस ते काही नवीन खूळ नाही. जातं गेलं आणि वाडे पडले, तशी माणसाची एक जुनी सोय गेली. ती तू तुझ्या परीने पुन्हा शोधलीस.

यावर नुसत्या आठवणींवर विसंबून राहायचीही गरज नाही. हवाई बेटांमधल्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 बाळांचा मागोवा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन मानसशास्त्रज्ञांनी ती चाळिशीला येईपर्यंत घेतला. त्यातली जवळपास एक तृतीयांश मुलं कठीण घरांत वाढली होती. गरिबी, भांडणं, आई किंवा वडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार. तरीही अशा घरांतल्या साधारण तिघांपैकी एक मूल सावरलेलं, कामाधंद्याला लागलेलं, माया करणारं माणूस झालं. ही मुलं काय वेगळं करत होती? बऱ्याच जणांना घराबाहेर आधाराची माणसं सापडली होती: आवडती शिक्षिका, शेजारी, मित्राची आई, युवक गटातला कुणी मोठा माणूस. आणि ती माणसं आपोआप चालून आली नव्हती. मुलं स्वतः त्यांच्याकडे ओढली गेली, त्यांच्या आसपास राहिली. तू गुरुवारी बाईंच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहायचीस ना, तेच हे.

पण तुझ्या दुसऱ्या प्रश्नापाशी मला थोडं थांबायचंय. ‘बाईंसारखी आई मला का नाही?’ बाई तुला आठवड्यातून वीस मिनिटं भेटतात. त्या वीस मिनिटांत त्यांच्यासमोर भाकरीचं पीठ नसतं, आजीची हाक नसते. त्यांच्या स्वतःच्या घरी त्या कशा असतील, त्यांची मुलं त्यांच्याबद्दल काय म्हणत असतील, ते तुला ठाऊक नाही. त्यांची आपुलकी खरीच आहे. पण आईची जागा भरून काढायचं काम त्यांच्यावर टाकलंस तर दोन गोष्टी होतील. एक, त्यांची बदली झाली, त्या रजेवर गेल्या किंवा एखाद्या गुरुवारी घाईत असल्या की तुला पुन्हा कुणी टाकून गेल्यासारखं वाटेल. दुसरं, तू त्यांना सगळं सांगायला लागशील, रोज, आणि त्या एक दिवस नकळत एक पाऊल मागे घेतील. माणूस वाईट नसलं तरी हे होतं, कारण एका खुंटीला किती टांगायचं यालाही मर्यादा असते.

म्हणून दुसरी आई शोधू नकोस. तीन-चार छोटी, वेगवेगळ्या कामाची माणसं जोड. मनातलं ऐकणारं एक मोठं माणूस: त्या बाई. अभ्यासाची आणि ‘पुढे काय’ची चिंता वाटून घेणारं दुसरं: कॉलेजातले एखादे सर किंवा बारावी झालेली गावातली ताई. बरोबरीची एक मैत्रीण, जिच्यासोबत हसायचं, सायकल चालवायची. तिच्याशी प्रत्येक वेळी दुःखच बोलायला हवं असं नाही. आणि एक अशी जागा, जिथे बोलावंच लागत नाही. हे चौथं सगळ्यांत दुर्लक्षित राहतं आणि मला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं. खो-खोचा संघ, ढोल-ताशा पथक, वाचनालय, एनसीसी, एनएसएस, गावात चालत असेल तर राष्ट्र सेवा दलाची शाखा. सेवा दल 1941 पासून मुलामुलींच्या शाखा भरवत आलंय. खेळ, गाणी, श्रमदान. आठवड्यातून दोनदा ठरल्या वेळी तिथे जायचं आणि कुणीतरी म्हणायचं, ‘काल का नाही आलीस?’ तुझी वाट बघणारं कुणी आहे हे अंगाला जाणवतं, आणि त्यासाठी तुला एक शब्दही मनातला सांगावा लागत नाही.

पहिल्या महिन्यात चारही जोडायची धडपड करू नकोस. बाई आणि ती एक जागा, एवढं पुरे. बाकीची माणसं त्या जागेतूनच पुढे सापडतात.

बाईंकडे परत कसं जायचं? अचानक थांबलीस, त्याचा संकोच तुला असणार. तो एका वाक्यात संपव: ‘बाई, घरी थोडं झालं होतं म्हणून आले नाही. परत बोलले तर चालेल का?’ मग वेळ मागून घे. ‘पंधरा मिनिटं आहेत का?’ असं विचारलं की समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं आणि नाही म्हणणंही. ‘तुमच्याशी खूप बोलायचंय’ असं म्हटलं की माणूस धास्तावतो. बसायचं कुठे? शिक्षकांच्या खोलीत, वाचनालयात, व्हरांड्यातल्या बाकावर. लोकांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी, दार उघडं ठेवून. यात तुझीही सोय आहे आणि बाईंचीही. मग अगदी सुरुवातीला तुला काय हवंय ते सांगून टाक. ‘सल्ला नको, फक्त ऐका’ किंवा ‘यात मी काय करू ते सांगा’. हे न सांगितल्यामुळे किती बोलणी वाया जातात! आपल्याला फक्त ऐकून घेणारं कुणी हवं असतं आणि समोरचं माणूस कळकळीने उपाय सांगत बसतं. आपण हिरमुसून उठतो, त्यांना वाटतं आपण मदत केली.

बोलायच्या आदल्या रात्री वहीच्या अर्ध्या पानावर तीन ओळी लिही. काय झालं. मला काय वाटलं. मला काय हवंय. म्हणजे असं: ‘मंगळवारी फिजिक्सचा पेपर अवघड गेला. घरी सांगायला गेले तर आईने ऐकलं नाही, मला घरात नसल्यासारखं वाटलं. पुढच्या पेपरआधी कुणीतरी दहा मिनिटं माझ्याजवळ बसावं.’ बघ, पहिल्या ओळीत तक्रार आहे, पण तिसरीपर्यंत येता येता तिची एक करता येण्याजोगी मागणी झाली. तिसरी ओळ पुष्कळदा सुचत नाही. मग ती कोरी ठेवून जा आणि बाईंना सांग, ‘हीच ओळ मला सापडत नाहीये.’ त्यावरही पंधरा मिनिटं छान जातात.

नव्या माणसाशी सुरुवात करताना मात्र सगळ्यांत खोल गोष्ट आधी काढायची नाही. आधी लहानशी सांगायची, जी फुटली तरी तुझं फार बिघडणार नाही. आठ-दहा दिवस थांबायचं. ती गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून परत आली का? त्या माणसाने त्यावरून टोमणा मारला का? पुढच्या भेटीत त्याला ती आठवत होती का? या तिन्हींची उत्तरं बरी आली तर पुढचं पाऊल. घाईत चुकतं ते इथेच. मनात साठलेलं असतं, कुणी दोन शब्द मायेने बोललं की बांध फुटतो, आपण सगळं सांगून बसतो, आणि दुसऱ्या दिवशी इतकी लाज वाटते की त्या माणसाला टाळायला लागतो. तसं झालंच तर टाळू नकोस. ‘काल मी जरा जास्तच बोलले, मला आज कसंतरी वाटतंय’ एवढं म्हणालीस की लाज निम्मी उतरते.

कुणी नाही म्हणालं, किंवा ‘अगं एवढं काय त्यात’ म्हणालं तर? वाईट वाटेल. पण त्यावरून ‘माझं ऐकण्यासारखंच नाही’ असा निष्कर्ष काढू नकोस. काहींना ऐकता येत नाही, काहींचं स्वतःचंच भरून आलेलं असतं. पुढचं दार ठोठाव.

आता त्या दादाबद्दल. तू लिहितेस की त्याने अजून काही वावगं केलेलं नाही, आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवते. तो कोण आहे ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. तो ‘24 वर्षांचा आहे म्हणतो’ असं तूच लिहिलंयस. पण तुझ्या पत्रात विखुरलेल्या चार गोष्टी मी एकत्र मांडते. बोलणं रात्री बारानंतर होतं. तो म्हणतो, ‘तुझ्या घरच्यांना तुझी किंमत नाही, मीच तुला समजतो.’ बाईंना त्याच्याबद्दल सांगू नकोस असं तो म्हणाला. आणि गेल्या आठवड्यात त्याने ‘साधाच’ एक फोटो मागितला. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ वाटेल. पण मुलांना जाळ्यात ओढणारी माणसं याच वाटेने येतात: आधी ऐकून घेणं, मग इतरांपासून तोडणं, मग गुपित, मग फोटो. ती पहिल्या दिवशी वाईट वागतच नाहीत. आणि घरात ऐकणारं कुणी नाही असं मूल त्यांना लवकर सापडतं, कारण ते मूल स्वतःच ते सांगून टाकतं.

माणूस पारखायची एक सोपी रीत सांगते, ती ओळखीच्यांनाही लागू आहे. जो आधार चांगला असतो, तो तुझी इतर माणसं वाढवतो. बाई तुला म्हणतात, ‘आईशी बोलून बघ’, ‘त्या मुलीशी मैत्री कर’. दादा म्हणतो, ‘कुणाला सांगू नकोस.’ त्याला एकदा सांगून बघ: ‘मी आमच्या बाईंना तुमच्याबद्दल सांगितलंय.’ त्याने शांतपणे ‘बरं केलंस’ म्हटलं तरी सावध राहायचंच. तो चिडला, रुसला, घाबरला, धमकावू लागला, तर तुला उत्तर मिळालं. पण हे म्हणायच्या आधी बाईंना खरोखर सांग.

फोटो पाठवू नकोस, साधाही नाही. एकटीने भेटायला जायचं नाही, कितीही गर्दीच्या जागी बोलावलं तरी. त्याने पाठवलेलं रिचार्ज किंवा भेट घ्यायची नाही. आणि फोटो आधीच पाठवला असेल, त्यावरून तो धमकावत असेल, तर ऐक: तू गुन्हा केलेला नाहीस. पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो पाठवायचे नाहीत. चॅट पुसून टाकायची नाही, तोच पुरावा असतो. त्याचं खातं दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे आणि 1098 ला फोन करायचा. ही 18 वर्षांखालच्या मुलांसाठीची चोवीस तास चालणारी मोफत हेल्पलाइन आहे. तुझं वय 18 च्या आत आहे, म्हणजे अशा प्रकारात 2012 चा पॉक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) तुझ्या बाजूने उभा राहतो. ‘टेक इट डाऊन’ नावाची एक मोफत सेवाही आहे. अल्पवयीन मुलांचे नग्न किंवा तसे खाजगी फोटो मोठ्या समाजमाध्यमांवर पसरू नयेत म्हणून ती फोटोचा फक्त आकड्यांतला ठसा घेते. फोटो तुझ्या फोनमधून बाहेर जात नाही.

दादा गेला की रात्रीचे बारा ते दोन रिकामे पडतील. ते तास अवघड जातात, त्याची तयारी ठेव. फोन साडेदहाला स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि त्या वेळी तीन ओळींची ती वही उघड. पहिले दहा-बारा दिवस हात फोनकडे जाईल. अगदीच असह्य झालं तर बोलायला 14416 आहेच. तो नंबर फक्त टोकाच्या वेळेसाठी नसतो.

आईकडे येऊ. तिच्यापासून लपवून बाईंना भेटू नकोस, नाहीतर चांगलं नातंही गुपिताच्या रांगेत जाऊन बसेल. तिला सांगताना दोन वाक्यं टाळ: ‘बाई तुझ्यापेक्षा जास्त समजून घेतात’ आणि ‘तुला वेळच नसतो’. दोन्ही खरी असतील, पण त्यांनी ती फक्त पोळेल. असं बोलता येईल: ‘आई, मी बाईंशी माझ्या मनातलं बोलते. तुझं, बाबांचं, आजीचं काही सांगत नाही. तू एकदा त्यांना भेट ना.’ आणि हे खरं ठेव. कर्ज, भावकीतलं भांडण, आजीच्या दुखण्याचा खर्च, या घराच्या गोष्टी. ‘मला घरात एकटं वाटतं’ ही तुझी गोष्ट. ती सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. (एकच अपवाद. घरात कुणी मारत असेल, अंगाला नको तिथे हात लावत असेल, व्यसनापायी हाल होत असतील, तर ते ‘घरातलं’ राहत नाही. ते लगेच बाहेर सांगायचं.)

आईशी बोलायची वेळही बदलून बघ. भाकरी थापताना तिचे दोन्ही हात, डोळे आणि तव्याकडचं लक्ष गुंतलेलं असतं. भाकरी करपली तर त्या क्षणी तिला तूच अडथळा वाटशील. त्यापेक्षा मेथी निवडायला किंवा आजीच्या चादरींच्या घड्या घालायला तिच्या शेजारी बस. समोरासमोर नाही, शेजारी. हात कामात आणि नजर कामावर असली की बोलायला दोघींनाही सोपं जातं. पहिल्या दिवशी स्वतःचं काही काढू नकोस. ‘रात्री किती वेळा उठलीस?’ एवढं विचार. ती बोलेल. तिलाही बऱ्याच दिवसांत कुणी विचारलेलं नसणार.

वडिलांचं एका महिन्यात बदलेल असं मला वाटत नाही. त्यांना रडणं हाताळता येत नाही, पण काम हाताळता येत असेल. त्यांच्याकडे काम घेऊन जा: ‘बाबा, मला क्लासच्या गाडीचं विचारायचंय.’ काही घरांत माया याच दारातून येते.

समुपदेशकाचं नाव काढलं की ‘मी वेडी आहे का’ असं मनात येतं. दात दुखला की दाताच्या डॉक्टरकडे जातो, तितकंच ते साधं आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून चालू आहे आणि त्याखाली 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत केंद्रं आहेत. महाराष्ट्रात त्यांना ‘मैत्री’ क्लिनिक म्हणतात. तुझ्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर विचार, ‘मैत्री क्लिनिकचे समुपदेशक कोणत्या दिवशी बसतात?’ दिवस विचारून मगच जा, नाहीतर हेलपाटा पडतो. मोठ्याने विचारायला संकोच वाटला तर गावातल्या आशाताईंना विचार, त्यांना माहीत असतं. पहिल्या भेटीत समुपदेशकाला एक प्रश्न नक्की विचारायचा: ‘मी सांगेन त्यातलं तुम्ही कुणाला सांगाल?’ चांगला समुपदेशक गोपनीयतेच्या मर्यादा आधीच सांगतो. तुझ्या जिवाला धोका असेल तर तो गप्प बसणार नाही, आणि 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कायद्याने त्याला पोलिसांना कळवावंच लागतं. बाकीचं तुमच्यात राहतं. आणि असंही नको की वाट बघत बसशील. सलग दोन आठवडे झोप उडाली, भूक गेली, पुस्तक उघडवत नाही, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या, तर बाईंच्या गुरुवारवर भागवू नकोस. तिथे तज्ज्ञच हवा.

हे पत्र वाचणाऱ्या मुलग्यांसाठी: वरचं सगळं तुम्हालाही लागू आहे. ‘बोलायचंय’ म्हणणं जड जातं, म्हणून तुम्ही तालमीत, टपरीवर तासनतास सोबत असता आणि मनातलं एक वाक्य बोलत नाही. मग वस्तादांना किंवा मोठ्या मित्राला ‘जरा चालायला येता का?’ म्हणा. चालता चालता, रस्त्याकडे बघत, ते वाक्य निघतं.

आणि ज्यांच्या दाराशी एखादं मूल येऊन घुटमळतं, त्या शिक्षकांना, काकूंना, दादा-ताईंना. मूल बोलायला लागलं की पहिली पाच मिनिटं सल्ला देऊ नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण धोक्याची गोष्ट निघाली तर ते मोडावं लागेल. ‘कुणाला सांगावं लागलं तर आधी तुला सांगेन’ असं म्हणा, ते पाळता येतं. अत्याचाराची गोष्ट कळली तर पॉक्सोखाली ती कळवायची जबाबदारी तुमच्यावरही येते. तुम्हाला झेपणार नसेल तर तेही नीट सांगा आणि दुसऱ्या माणसापर्यंत मुलाला स्वतः घेऊन जा. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरला शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांचं आजारपण काढायचे, त्यांचं पडेल ते काम करायचे. आठवड्याला पंधरा मिनिटं आणि मुलाच्या गेल्या वेळच्या बोलण्याची आठवण, एवढं आपल्यालाही जमेल. आणि शेजारच्या काकूंनो, रडणारी मुलगी दिसली तर तिच्या आईकडे जायच्या आधी तिच्याकडे जा.

तू या गुरुवारी बाईंना तीन गोष्टी सांग: इतके दिवस का आली नाहीस, रात्रीचा तो दादा, आणि ‘मी नसते तर’ हे वाक्य. पंधरा मिनिटांत तिन्ही मावणार नाहीत. तेव्हा शेवटच्यापासून सुरू कर.